ठकीचा दुसरा पाय

प्लॅटफॉर्मवर नुसते बूट उभे होते. लाल. त्यात माणूसच नव्हतं.

मी आधी चष्मा पुसला. मग भिंगाचा दिवा ओढून घेतला आणि वाकून पाहिलं. बूट माझेच होते, म्हणजे मी रंगवलेले. तो लाल रंग मनासारखा लागेपर्यंत मी किती वेळा खरवडला होता, तो मी अंधारातसुद्धा ओळखेन. डावा बूट पुढे, उजवा मागे, टाच जराशी उचललेली. घोट्याच्या वर मात्र काहीच नाही. कोणीतरी कटर लावून पाय साफ छाटले होते.

माझी मुलगी गायब होती.

थांबा, नीट सांगते. नाहीतर म्हणाल, बाईचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं, पण ते नंतर.

आमच्या घरात वरच्या खोलीत एक अख्खं रेल्वे स्टेशन आहे. आमचे हे आयुष्यभर बस डेपोत होते, बसगाड्यांची वेळापत्रकं लावायचे, आणि जीव सगळा रेल्वेत. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी वरच्या खोलीतला पलंग मोडीत काढला, टेबलाला टेबल जोडलं आणि त्यावर रूळ, पूल, बोगदा, सिग्नल असा सगळा संसार मांडला. आता पाहुणा आला तर झोपायचा कुठे, बोगद्यात? पण विचारायची सोय नाही. विचारलं की नाकाचा शेंडा लाल.

तर रूळ त्यांचे, इंजिनं त्यांची आणि माणसं माझी. करड्या प्लॅस्टिकची येतात ती, करंगळीच्या पेराएवढी. सगळी सारखीच, चेहरा म्हणून काही नसतोच. एकेकाला बाटलीच्या बुचावर चिकटवायचं, अस्तराचा पातळ हात द्यायचा, मग कपडे रंगवायचे, मग कपड्यांच्या चुण्यांमध्ये पाण्यासारखा पातळ काळपट रंग सोडायचा. चेहरा सगळ्यात शेवटी. डोळे काढायचे नाहीत. नवशिकी माणसं हमखास डोळे काढतात आणि मग अख्खं स्टेशन भूत पाहिल्यासारखं टकामका बघत बसतं. भुवईखाली नुसती सावली द्यायची. बघणारा आपले आपण डोळे घालतो.

मला हे वेड नव्हतं. ह्यांच्या हाताला कंप आहे, म्हणून मी एकदा एक हमाल रंगवून दिला, आणि अडकले. मग मीही माझी हौस भागवून घेतली. कोपऱ्यावरचा न्हावी आहे तिथे, समोरची शिंपीण आहे, ह्यांचे डेपोतले साहेब तर मी मुतारीच्या रांगेत कायमचे उभे करून ठेवलेत. त्यावर हे दोन दिवस हसत होते. म्हणजे माणूस अगदीच दगड नाही.

आणि ठकी. ठकी म्हणजे आमची मुलगी, एकुलती एक. लहानपणी फोटो काढताना लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहायची, म्हणून ह्यांनीच ठेवलेलं नाव. बापलेकीचं इतकं गूळपीठ की मी घरात आहे की नाही याचा दोघांना पत्ता नसायचा. हीच ठकी बँकेतली नोकरी सोडून आली आणि म्हणाली, मी लग्न करतेय, मुलगा आचारी आहे, आम्ही दोघं मिळून खानावळ चालवणार.

झालं! घराचं रणांगण. आचाऱ्याने काय घोडं मारलं होतं देव जाणे. ह्यांचं दुखणं वेगळंच होतं, तिने आधी मला सांगितलं आणि ह्यांना नंतर, हे त्यांना लागलं. पण ते कबूल करतील तर ते हे कसले! तोंडातून निघालं काय, तर, “गेलीस तर या घराचं दार तुला बंद.” ठकी म्हणाली, “बरं.” आणि दाराशी बसून बूट घालायला लागली. तेच लाल बूट. पहिल्या पगारात घेतलेले, ज्यांना हे ‘अग्निशमन दल आलं’ म्हणून चिडवायचे.

मी मध्ये पडले, ओरडले, दोघांच्या हातापाया पडले. एकानेही ऐकलं नाही. बापावर गेलीय पोर.

ती गेली त्या आठवड्यात मी तिला रंगवलं. मोहरीच्या रंगाचं जाकीट, निळी पँट, काखेत पिशवी, पायात ते बूट. चालायला निघालेली. प्लॅटफॉर्मच्या कडेला नेऊन मी माझ्या हाताने तिला चिकटवलं, चांगला घट्ट गोंद लावून. म्हटलं, बघा आता रोज. ह्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. हो नाही, काढ नाही, राहू दे नाही. पण धूळ झटकताना मऊ ब्रश सगळ्यांच्या डोक्यावरून फिरायचा, फक्त तिच्याजवळ आला की वळसा घालायचा. ते मी पाहिलं होतं.

त्यानंतर घरात ठकी हे नाव बंद. तिचा फोन आला की हे उठून वर जायचे, आणि वर गाड्या सुरू व्हायच्या. मी खाली लेकीशी बोलतेय आणि डोक्यावर खडखड, खडखड. ती विचारायची, “बाबा वर आहेत का?” मी म्हणायची, “ऐकू येतंय ना तुला?”

ते नुसते बूट मला दिसले त्याच्या आधीच्या आठवड्यात तिचा फोन आला तो वेगळा. जावयाला परदेशात मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालं होतं, दोघंही चालले होते. परत कधी, ते तिलाच माहीत नव्हतं. रविवारी सकाळी त्यांची गाडी आमच्याच स्टेशनवरून जाणार होती, जरा वेळ थांबणार होती. “बाबांना घेऊन ये,” ती म्हणाली. “बोलायला नको, काही नको. नुसतं उभं राहू दे समोर. घराचं दार त्यांचं आहे, आई. प्लॅटफॉर्म काही त्यांच्या बापाचा नाही.”

मी जेवताना ह्यांना सांगितलं. जसंच्या तसं, बापाच्या उल्लेखासकट. ह्यांनी घास गिळला आणि म्हणाले, “बघू.”

ह्यांचं ‘बघू’ म्हणजे काय ते मला विचारा. न्हाणीघराचं छत गळतंय, बघू. माझा दात ठणकतोय, बघू. त्या ‘बघू’त माझी अर्धी हयात गेली. तरी मी आठवडाभर गप्प बसले. म्हटलं, एकदा तरी हा माणूस स्वतःहून उठेल.

रविवारी मी आवरून तयार. ह्यांचा इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर काढून ठेवलेला, तो तसाच. हे वर. मी हाका मारल्या, उत्तर नाही. तणतणत जिना चढले. खोलीत कोणी दिसेना, टेबलाखालून मात्र पाय दिसत होते, तारांमध्ये काहीतरी चाललं होतं. आणि बोलायला तोंड उघडणार तोच मला ते बूट दिसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बाहेर या,” मी म्हटलं.

“एक वायर सुटलीय...”

“बाहेर या आधी!”

हे आले, गुडघ्यांवर, हातात पाना, केसांत टेबलं कापतानाचा लाकडी भुसा. मी बुटांकडे बोट दाखवलं. “काय आहे हे?”

ह्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि शाळेतल्या पोरासारखं बोट करून दाखवलं. बोगद्याच्या तोंडाशी गाडी उभी होती, इंजिन स्टेशनकडे केलेलं. “दुसऱ्या डब्यात. खिडकीशी,” हे म्हणाले.

मी वाकले. खिडकीत मोहरीच्या रंगाचं जाकीट दिसलं. ठकी बसली होती, काखेतल्या पिशवीसकट.

आता यातली एक गोष्ट तुम्हाला माहीत नसणार. या खेळातल्या डब्यांमध्ये माणसं पायांसकट बसत नाहीत. सीटखाली जागाच नसते, चाकं आणि तारा असतात. म्हणून गाडीत बसवायचा प्रवासी कमरेखाली छाटायचा, ही रीतच आहे. मीच कितीतरी माणसं बूट-मोज्यांसकट रंगवून छाटायला ह्यांच्या हातात दिली आहेत, आणि कधी काही वाटलं नाही. खिडकीतून पाय कोणाला दिसतात?

“तुम्ही तिचे पाय कापलेत,” मी म्हटलं.

“सगळ्यांचेच कापतो.”

“सगळ्यांचे?”

“अगं, गोंद सुटेना. तूच एवढा लावलास. मग घोट्यापाशी कापलं, आणि मग डब्यात मावेना, म्हणून कमरेखाली, एकेक पाय...” हे पुटपुटत होते. मग एकदम म्हणाले, “सारखी जायला निघालेली उभी असते ती तिथे. रोज. रोज येऊन तेच बघायचं मी? म्हणून गाडीत बसवली. येणाऱ्या गाडीत. घरी येतेय ती.”

कोणी दुसरी असती तर तिथेच विरघळली असती. डोळ्याला पदर लावून म्हणाली असती, अहो, किती जीव तुमचा. मी नाही विरघळले. माझा असा संताप झाला की मला समोरचं दिसेना. इतकी वर्षं मी खालून त्या चाकांची खडखड ऐकत होते, लेकीशी खोटं हसत होते, आणि हा माणूस वर बसून तिला प्लॅस्टिकच्या डब्यातून घरी आणत होता!

“अरे, माणूस आहेस का कोण आहेस?” मी ओरडले. सबंध संसारात मी ह्यांना ‘अरे’ म्हटलेलं नव्हतं. ह्यांच्या हातातला पाना खाली पडला. “लेकीला बोलवायचं तर फोन उचलायचा असतो, तिचे पाय नाही कापायचे! ती खरी येतेय. खऱ्या गाडीतून. हाडामांसाची. इथून चालत जाता येईल इतक्या जवळ येऊन थांबणार आहे, आणि तू टेबलाखाली वायरी जोडतोस?”

तोंडाला कुलूप. ह्यांचं कायमचं हत्यार.

मी गाडीजवळ गेले, डब्याचं छप्पर उचकटलं. काहीतरी कडकन मोडलं, मोडू दे. ठकीला चिमट्यात धरून उपटली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. “पाय कुठेत?” मी विचारलं.

“काय?”

“मधले पाय! कापले ते. कुठे टाकलेत?”

“पडले असतील इथेच कुठेतरी,” हे म्हणाले, आणि खाली भुशाकडे बघत राहिले.

“बसा मग बघत,” मी म्हटलं, आणि जिना उतरले. दार असं आपटलं की शेजारीण खिडकीत आली. तिला म्हटलं, काही नाही हो, वारा आहे. पान हलत नव्हतं कुठे.

स्टेशनवर गेले तर गाडी उशिरा. बाकावर बसले आणि ह्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की बाजूला बसलेला माणूस उठून दुसरीकडे गेला. बहुतेक त्यातल्या काही मोठ्याने दिल्या गेल्या. मला ह्यांचा राग येत होता, ठकीचाही येत होता, तिला कसली ती परदेशातली कढई ढवळायची हौस! आणि सगळ्यात जास्त राग माझ्या त्या आशेचा येत होता. कारण फाटकातून कोणी आत आलं की माझी मान वळत होती.

गाडी आली. ठकी दारातच उभी होती, जराशी भरलेली, केस कापलेले. मागे जावई दोन्ही हातांत सामान घेऊन. मला बघून ती हसली आणि लगेच तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मग उजवीकडे. मग डावीकडे.

“नाही आले,” ती म्हणाली.

खोटं बोलता आलं असतं. तब्येत बरी नाही, गुडघा धरलाय, काहीही. पण मी ठरवलं होतं की या माणसाला आता झाकायचं नाही. मी पर्स उघडली, रुमाल सोडला आणि ती कमरेएवढी ठकी तिच्या हातावर ठेवली. “हे घे. तुझ्या बापाने तुला घरी आणलं ते असं. गाडीत बसवलीय म्हणे, येणाऱ्या.”

ठकीने ती उलटी करून पाहिली. त्या खोलीत बापाशेजारी बसून डबे जोडलेली पोर, तिला काय समजावून सांगायचं! आधी तिला हसू आलं. मग तोंड वाकडं झालं. “असंच बसवतात, आई,” ती म्हणाली. “पण मग मी उतरू कशी?”

मी तिचा हात धरून तशीच उभी राहिले, ती वर, मी खाली. ती एक पायरीसुद्धा खाली उतरली नव्हती. मी उतर म्हटलं नाही. कोणासाठी उतरायचं होतं तिने?

आणि फाटकाशी गलका झाला. तिकीट तपासनीस कोणालातरी अडवत होता आणि ते कोणीतरी त्याला ढकलून आत येत होतं. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पँटचे गुडघे भुशाने माखलेले, पायात घरातल्या सपाता. आमचे हे. आयुष्यात कधी रांग मोडली नाही त्या माणसाने.

धापा टाकत आले आणि दारासमोर उभे राहिले. ठकीकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, बोल, मेल्या, बोल काहीतरी.

“गाडी उशिरा आली,” हे म्हणाले.

“तुम्ही पण, बाबा,” ठकी म्हणाली.

शिटी कधी होईल याचा नेम नव्हता आणि दोघं बघत उभी. मला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटत होती. मग ह्यांनी मूठ पुढे केली आणि उघडली. तळव्यावर घामाने चिकटलेला एक निळा कण होता. तांदळाच्या दाण्याएवढा. पँटचा पाय.

“सगळा भुसा चाळला,” हे म्हणाले. “एकच सापडला, ठके.”

ठके म्हणाले. इतक्या वर्षांनी.

ठकी उतरली. पायऱ्या मोजल्या नाहीत तिने, उडीच मारली, आणि बापाच्या अंगावर पडली. ह्यांना रडता येत नाही, ह्यांना उचकी लागते, तशी लागली. जावई सामान धरून दारात अवघडून उभा. मी त्याला म्हटलं, “तुम्ही काय बघताय? ठेवा ते खाली आणि या!” तो बिचारा उतरला आणि ह्यांच्यासमोर उभा राहिला. ह्यांनी लेकीला सोडलं, त्याच्याकडे खालून वर पाहिलं, आणि म्हणाले, “तिला तिखट चालत नाही.” तो म्हणाला, “माहीत आहे.” एवढंच. मग शिटी झाली.

घरी येताना हे माझ्या बाजूने सपाता घासत चालत होते. वाटेत म्हणाले, “नवीन करशील का एक? उभी. इकडे तोंड करून.”

“नाही,” मी म्हटलं.

“का?”

“का म्हणजे? तुम्ही मोडलीत, तुम्ही जोडा. तिची मी देणार नाही दुसरी. दुसरा पाय शोधा.”

तुम्हाला वाटत असेल माझा राग गेला. छे! इतकी वर्षं या माणसाने दोन शब्द गिळून घरात दगड मांडून ठेवला होता, आणि प्लॅटफॉर्मवर एक उचकी दिली की झालं? माझा राग चांगला धडधाकट आहे. अजूनही ते ‘बघू’ म्हणाले की मी हातातलं भांडं आपटते.

त्या कमरेवरच्या ठकीला ठकी बरोबर घेऊन गेली. वर प्लॅटफॉर्मवर लाल बूट तसेच आहेत. हे त्यांना हात लावत नाहीत, मलाही लावू देत नाहीत. सापडलेला पाय काडेपेटीत कापसावर ठेवलाय. आणि दर रविवारी सकाळी हे गुडघ्यावर बसून वरच्या खोलीची फळी न् फळी तपासतात, झाडू घेऊन, भिंग घेऊन. मग खाली येतात, फोन उचलतात आणि स्वतः नंबर लावतात. “ठके, नाही सापडला गं अजून.” तिथून सुरुवात होते. मग तिथली थंडी, जावयाचं काम, ह्यांचा नवा पूल, काय अन् काय. मी बाजूला बसून बुचावरची माणसं रंगवत असते, मला बोलायला मिळतच नाही. पुन्हा तेच गूळपीठ.

दुसरा पाय मला त्याच दिवशी, घरी आल्यावर केर काढताना सापडला होता. जिन्याच्या खालच्या पायरीवर, ह्यांच्याच सपातेला चिकटून आलेला असणार. माझ्या रंगांच्या डब्यात आहे, तळाशी, लाल बाटलीच्या खाली.

मी तो देणार नाही.